ताब्यातल्या जपानमधले दुभाषे: अभ्यासाची सुरुवात

युद्धानंतर दोस्त राष्ट्रांच्या ताब्यात असलेल्या जपानमधल्या दुभाष्यांचा अभ्यास करायचं ठरवलंत, विषय फार चांगला निवडलात. फक्त सगळं एकदम वाचायला घेऊ नका, आधी चौकट पक्की करा. दोस्त राष्ट्रांचा जपानवरचा ताबा १९४५ ते १९५२. अमेरिकी सैन्यातले बरेच दुभाषे निसेई, म्हणजे जपानी स्थलांतरितांची अमेरिकेत जन्मलेली मुलं. त्यांची लष्करी भाषाशाळा नोव्हेंबर १९४१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी मिनेसोटात हलली.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- सगळं लक्ष टोकियो खटल्याकडे, म्हणजे जपानी नेत्यांवरच्या युद्धगुन्ह्यांच्या खटल्याकडे देतात. तिथे प्रत्यक्ष भाषांतर मुख्यतः जपानी नागरिक करत आणि निसेई त्यावर नजर ठेवत. खटल्याबाहेर तर कामांचा डोंगर होता: पत्रांची तपासणी, परदेशातून परतलेल्या जपानी सैनिकांची चौकशी, स्थानिक अधिकाऱ्यांशी बोलणी. माझ्या मते खरा इतिहास इथेच आहे.
- निसेईंना नुसते 'विजेते' समजतात. युद्धकाळात कित्येकांचे आईवडील जपानी वंशाचे म्हणून अमेरिकेतल्याच छावण्यांत डांबलेले होते आणि काहींचे नातेवाईक हिरोशिमात. हे विसरलात तर त्यांच्या आठवणींतला ताण कळणार नाही.
- या दुभाष्यांच्या मुलाखतीतली प्रत्येक तारीख खरी मानतात. बहुतेक मुलाखती अनेक दशकांनंतरच्या आहेत, पडताळून घ्या.

जपानी-अमेरिकनांचा इतिहास जपणाऱ्या डेन्शो या संस्थेच्या संग्रहात अशा मुलाखती ऑनलाइन मोफत मिळतात. एकच माणूस निवडा आणि त्याची मुलाखत शेवटपर्यंत ऐका. सरकारी कागदपत्रांकडे इतक्यात वळू नका. कोणाला निवडलंत ते कळवा, पुढचं वाचन त्यावरून सुचवतो.