स्प्रिंगची गणिते: आधी ऊर्जेचा हिशेब मांडा

स्प्रिंगचे बल अंतरागणिक बदलते, म्हणून गणितात केवळ वेग किंवा अंतर विचारले असेल आणि घर्षण नसेल, तर बलाच्या मागे न लागता सुरुवातीची व शेवटची एकूण ऊर्जा समान मांडावी. २०० न्यूटन प्रति मीटर स्थिरांकाची (एक मीटर ताणण्या-दाबण्यामागे लागणारे बल) आडवी स्प्रिंग ०.१ मीटर दाबल्यास १ ज्यूल ऊर्जा (½ × स्थिरांक × अंतराचा वर्ग) साठते आणि अर्ध्या किलोचा ठोकळा २ मीटर प्रति सेकंद वेगाने सुटतो.

सुरुवातीला या चुका टाळा:

- सेंटिमीटरचे मीटर न करताच वर्ग करणे.
- ताण (स्प्रिंगची वाढलेली लांबी) मूळ लांबीऐवजी समतोल स्थितीपासून, म्हणजे एकूण बल शून्य असलेल्या जागेपासून, मोजणे.
- न ताणलेल्या उभ्या स्प्रिंगला अडकवून सोडलेल्या वजनाच्या सर्वांत खालच्या बिंदूला समतोल समजणे. (मीही फसलो होतो.) तिथे वेग शून्य असतो, एकूण बल नव्हे; ताण समतोलातील ताणाच्या दुप्पट असतो.

आवर्तकाळाची (एका पूर्ण दोलनाला लागणाऱ्या वेळेची) सूत्रे तूर्त बाजूला ठेवा.