वाचकांचे प्रश्न : बिऱ्हाड किहीमला, आपण मुंबईत

प्रश्न : आम्ही पती-पत्नी, दोघेही सेवानिवृत्त, नऊ वर्षांच्या नातवाला घेऊन जानेवारीत भाड्याच्या कॅराव्हॅनने कोकण किनाऱ्याने वर येत आहोत. अलिबागजवळच्या किहीमला एका ओळखीच्या वाडीत गाडी उभी करून चार दिवस राहू. त्यांतला एक दिवस मुंबईसाठी राखला आहे. गाडी रो-रो बोटीवर चढवून मुंबईतच आणावी काय? आणि गेटवे, घारापुरी, राणीची बाग, हाजी अली, बाणगंगा, जुहू एवढे एका दिवसात होईल काय?
— एक वाचक, सांगली

उत्तर : गाडी आणू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. मांडव्याहून भाऊच्या धक्क्याला येणारी रो-रो बोट २०२० पासून सुरू आहे आणि तीत गाड्या चढवता येतात, हे खरे. परंतु ज्या दक्षिण मुंबईत साध्या मोटारीला जागा मिळवताना नाकी नऊ येतात, तेथे ओटा, पलंग आणि संडास अंगावर घेऊन फिरणारे हे बिऱ्हाड आपण उभे कोठे करणार? वाहनतळात शिरावे, तर अनेक ठिकाणी तोंडाशीच उंची अडवणारा लोखंडी दांडा असतो. राज्य शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले असले, तरी फोर्टात रस्त्याकडेला चूल मांडण्याची मुभा असा त्याचा अर्थ होत नाही. तेव्हा गाडी वाडीतच राहू द्यावी; निघताना गॅसचा कॉक बंद करावा आणि चाके पुळणीवर नाहीत, याची खात्री करून घ्यावी, कारण भरतीच्या वेळी वाळूत रुतलेली जड गाडी काढायला मग सारा गाव बोलवावा लागतो.

मांडव्याहून गेटवेला येणारी सकाळची बोट धरावी. पाऊण ते एक तासाचा हा प्रवास हाच आपल्या दिवसातला एक उत्तम भाग ठरेल. हिवाळ्यात कुरव पक्ष्यांचे थवे बोटीच्या मागे लागतात, कठड्याच्या अगदी हाताशी येऊन वाऱ्यावर जागच्या जागी तरंगतात. नातू हरखून जाईल. मात्र त्यांना कुरकुरे, गाठी भरवणाऱ्या मंडळींत त्याने सामील होऊ नये.

उतरताच परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ विचारून घ्यावी आणि दिवसाची आखणी तिच्याकडून उलट मोजत करावी. गेटवेची कमान पंचम जॉर्जच्या १९११ मधील आगमनाची आठवण म्हणून उभारली खरी, पण ती पुरी झाली १९२४ मध्ये, म्हणजे राजाने ही कमान पाहिलीच नव्हती. त्याच्यासमोर होती ती पुठ्ठ्याची प्रतिकृती. कमानीचे वास्तुकार जॉर्ज विटेट यांचीच दुसरी वास्तू, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, तेथून पायी जाण्याच्या अंतरावर आहे. तेथे दोन तास द्यावेत. सोपाऱ्याला सापडलेला अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा नातवाला आवर्जून दाखवावा. पुढे ओव्हल मैदानाच्या मधोमध उभे राहावे: एका हाताला १८७८ चा राजाबाई टॉवर आणि उच्च न्यायालय, दुसऱ्या हाताला आर्ट डेको, म्हणजे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या शैलीतील इमारतींची रांग. या साऱ्या परिसराला २०१८ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला.

जेवण उरकून काळी-पिवळी टॅक्सी करावी आणि मरीन ड्राइव्हवरून थेट वाळकेश्वरी बाणगंगेला जावे. गेटवेखेरीज आपल्या यादीतले हे एकच ठिकाण आम्ही हट्टाने राखले आहे. उंच इमारतींच्या गराड्यातून दगडी पायऱ्या उतरल्या की समोर चौकोनी तळे येते, काठाला दीपमाळा आणि देवळे, पाण्यात बदके. आणि समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही हे पाणी गोडे, कारण तळ्याला जिवंत झरा आहे. रामाने येथे वाळूचे लिंग करून पूजा केली, म्हणून वालुकेश्वर, अशी कथा आहे. मूळ देऊळ शिलाहारांच्या काळचे. पोर्तुगीजांनी ते पाडले आणि १७१५ मध्ये रामा कामती यांनी पुन्हा बांधले. येथे पायरीवर अर्धा तास नुसते बसावे.

आता गाळलेल्या ठिकाणांविषयी. घारापुरीला बोटीनेच जाण्यायेण्यात दोन तास जातात, वर लेण्यांपर्यंतच्या पायऱ्या. तिला वेगळा दिवस द्यावा, आणि तो सोमवार नसावा, कारण त्या दिवशी लेणी बंद असतात. राणीची बाग बुधवारी बंद असते; नातवाने हट्टच धरला, तर संग्रहालयाऐवजी तिकडे जावे, पण दोन्ही करू नये. हाजी अलीची वाट भरतीत पाण्याखाली जाते, त्यामुळे वेळ जुळली तरच. जुहू मात्र बिनदिक्कत वगळावे. मावळतीच्या सूर्यासाठी ते यादीत घेतले असेल, तर किहीमचा किनाराही पश्चिमेलाच तोंड करून आहे आणि तेथे भेळवाल्यांचा गलबलाही कमी आहे.