यादीनं आण की आठवणीनं आण?

इंदूरच्या रामबागेतल्या एका ताईंचा प्रश्न असा : "आमच्या घरात पूर्वीपासून 'येताना यादीनं कोथिंबीर आण' असंच म्हणतात. पुण्याहून आलेल्या सुनेनं विचारलं, 'यादी कुठे ठेवलीय?' दुसऱ्या दिवशी तिला म्हटलं, 'ह्यांची दुपारची गोळी द्यायची याद राख,' तर तिचा चेहराच उतरला. आमचं मराठी चुकतंय का? आणि महत्त्वाचं काही असलं की सासूबाई पदराला गाठ मारायच्या, तेही हिंदीतूनच आलं का?"

'यादीनं' हे रूप घडणीनं चुकलेलं नाही, हे आधी सांगतो. 'याद' हे मराठीतही स्त्रीलिंगी नाम आहे. गाठ–गाठीनं, आठवण–आठवणीनं, तसंच याद–यादीनं. पण सामानाच्या 'यादी'लाही 'नं' लावला की 'यादीनं'च होतं. हिंदीतल्या 'याद से'ला ही अडचण नाही, कारण तिथे सामानाची असते ती सूची किंवा लिस्ट. पुण्याकडे सुटा 'याद' शब्द रोजच्या बोलण्यात फारसा उरलेला नाही. म्हणून 'यादीनं' ऐकलं की तिकडच्या माणसाला कागदावरची यादीच दिसते. सुनेचा प्रश्न तिच्या मराठीतून सरळ आलेला आहे.

मुळात हे दोन शब्द एकाच घरातले. फारसी 'याद' म्हणजे स्मरण. मराठी दफ्तरांत जे स्मरणात राहायला हवं त्याचं टिपण, तीही 'याद' किंवा 'यादी'. लग्नाच्या बोलणीत देण्याघेण्याच्या 'याद्या' होतात त्या याच अर्थानं; ठरलेलं पुढे कुणी विसरू नये म्हणून लिहून ठेवलेलं. 1818 च्या मंदसौरच्या तहानंतर होळकरांची राजधानी इंदूरला आली तेव्हा दफ्तरातलं मोडी मराठीही इथे नांदू लागलं, आणि फारसी शब्द त्या मराठीत आधीपासून मुरलेले होते. त्यामुळे इंदूरच्या घरात 'याद' ऐकू आली की ती शेजारच्या हिंदीतूनच उचलली असं धरून चालू नये. शब्द जुना आपलाच आहे. बदलली ती त्याच्याकडून करून घेतलेली कामं.

'याद राख'चं प्रकरण वेगळं आहे. हिंदीत 'याद रखना' साध्या सांगण्यालाही चालतं आणि दटावण्यालाही. कोणतं ते आवाजावरून कळतं. मराठीत साध्या सांगण्याची जागा 'लक्षात ठेव'नं घेतली आणि 'याद राख'कडे फक्त धमकी उरली. 'पुन्हा इकडे आलास तर याद राख', 'याद राखा, गाठ माझ्याशी आहे'. सुनेच्या कानांना गोळीचं वाक्य तसंच लागलं असणार : नाही दिलीस तर बघ! 'याद ठेव' म्हटलं असतं तर तिला ते हिंदी वळणाचं वाटलं असतं, पण चेहरा उतरला नसता.

आता जरा मुळाशी जाऊ. हिंदीत 'याद' हा एकच शब्द आना, करना, रखना, दिलाना यांच्या जोडीनं स्मरणाचा जवळजवळ सगळा संसार चालवतो. मराठीनं तोच संसार तिघांत वाटून दिला आहे : मनात आपोआप येतं ती आठवण, धरून ठेवायचं ते लक्षात, आणि घोकून बसवायचं ते पाठ. इंदुरी मराठीत या तिघांच्या जागी 'याद' बसली की वाक्य समजतं, पण त्यातली बारीक खूण पुसली जाते.

'आठवण' पुढे कोणतं क्रियापद घेते ते पाहण्यासारखं आहे. 'आईची आठवण येते' यात ओढ आहे. 'दिवा लावताना तेलाची आठवण झाली' यात ओढ नाही, नुसतं सुचणं आहे. तेलाची आठवण 'येत' नाही. 'आजी तुझी आठवण काढत होती' म्हणजे ती तुझ्याबद्दल बोलत होती. इंदूरमध्ये याला 'आजी तुला याद करत होती' म्हणतात, आणि त्यात आजी बोलली की नुसती मनात झुरली हे कळत नाही. 'आमची आठवण ठेवा' हे माणसांसाठी. फोन नंबर, तारीख, वाण्याचा हिशेब यांची आठवण ठेवत नाहीत, ते लक्षात ठेवतात. शिवाय 'मला आठवलं' म्हणजे आपसूक, आणि 'मी आठवून पाहिलं' म्हणजे मुद्दाम. म्हणूनच 'मी खूप आठवून पाहिलं, पण मला नाव काही आठवलं नाही' हे वाक्य मराठीत बिनबोभाट चालतं.

'लक्ष'मध्ये मात्र मराठी घरातलेही घसरतात. 'दुधावर लक्ष ठेव' म्हणजे पातेल्यासमोर उभी राहा, साय वर चढली की गॅस बारीक कर. 'दूध लक्षात ठेव' म्हणजे येताना पिशवी आण. 'माझ्याकडे लक्ष दे' म्हणजे ऐक. 'लक्षात आलं' म्हणजे उमगलं, 'लक्षात आहे' म्हणजे विसरलेलो नाही. एका 'त' प्रत्ययानं काम बदलतं : 'लक्ष ठेवणं' डोळ्यांचं, 'लक्षात ठेवणं' मनाचं. हिंदीतल्या 'ध्यान रखना'वरून आलेलं इंदुरी 'काकांचं ध्यान ठेव' हे आणखी अवघड. मराठीत 'ध्यानात ठेव' म्हणजे विसरू नको, आणि नुसतं 'ध्यान' म्हणजे बोलीत विचित्र अवतार. 'काय ध्यान आहे!' म्हणतात ते. काकांसाठी 'काकांकडे लक्ष ठेव' किंवा 'काकांची काळजी घे' हेच म्हणावं.

गोळीकडे परत येतो, कारण इथे शब्दाची गल्लत अंगावर येऊ शकते. ही दोन वाक्यं शेजारी ठेवून पाहा :

गोळी द्यायचं आठवलं नाही.
गोळी दिल्याचं आठवत नाही.

पहिल्यात गोळी दिलेली नाही, हे नक्की. दुसऱ्यात दिलीही असेल. 'द्यायचं' हे व्हायच्या कामाकडे बोट दाखवतं, 'दिल्याचं' हे झालेल्या कामाकडे. 'आठवलं नाही' म्हणजे ती वेळ निघून गेली, 'आठवत नाही' म्हणजे आत्ता, या क्षणी मनात सापडत नाही. मुलानं सियागंजातल्या दुकानातून फोनवर विचारलं, 'गोळी दिली?' आणि घरून 'गोळीची याद नाही' असं उत्तर गेलं, तर त्याला यातलं कोणतं ते कळायला मार्गच नाही. तो 'मग देऊन टाका' म्हणाला आणि आधी दिलेली असली, तर रक्तदाबाची गोळी दोनदा पोटात जाते. असा संशय आला तर अंदाजानं दुसरी गोळी देऊ नये; पाकिटातल्या गोळ्या मोजाव्यात, तरी उलगडा झाला नाही तर डॉक्टरांना विचारावं. आणि विचारताना 'दिल्याचं आठवत नाही' हेच शब्द वापरावेत. 'विसरले' एवढंच म्हटलं तर डॉक्टर 'दिली नाही' असं समजतील.

चिठ्ठी लिहायची तर 'गोळी आठवणीनं द्यावी' हे मराठी उत्तम, पण चिठ्ठी म्हणून कच्ची. त्यात वेळ नाही. 'जेवणाचं ताट उचललं की गोळी' ही जास्त पक्की, कारण ताट उचलणं रोज होतंच आणि आठवण त्याच्या पाठीवर बसून येते. दिल्यावर कॅलेंडरच्या चौकटीत 'दिली, 2:10' एवढं लिहावं. 'दिली' हे भूतकाळी रूपच तिथे हवं. नुसती बरोबरची खूण केली तर ती गोळी काढून ठेवल्याची की दिल्याची, यावर संध्याकाळी वाद होतो.

याच्या उलट बाजूचा शब्द 'विसरणं'. तो संस्कृत 'विस्मृ'वरून प्राकृतातून आपल्याकडे आला. हिंदीतल्या 'भूल गई'वरून इंदूरमध्ये कधी कधी 'मी भुलले' ऐकू येतं. मराठीत भुलणं म्हणजे मोहात पडणं, आणि भूल म्हणजे ऑपरेशनआधी देतात ती. 'मी सराफ्यात भुलले' याचा मराठी अर्थ दागिने पाहून हरखले असा होईल. पिशवी राहिली असेल तर 'सराफ्यात पिशवी विसरले' म्हणा. अर्थात 'भूल'चा चुकण्याचा अर्थ आपल्याकडे अगदीच नाही असं नाही. बिलाच्या तळाशी आणि पत्राच्या शेवटी 'चू. भू. दे. घे.' असतं, त्यातला 'भू' तोच.

'पाठ'बद्दल थोडक्यात. मुलं 'पहाडे याद केले' म्हणतात, तिथे 'पाढे पाठ केले' हवं. 'पाठ केले' म्हणजे मेहनत घेतली, 'पाठ झाले' म्हणजे बसले, 'पाठ आहेत' म्हणजे आत्ता विचारा. ही तीन पायऱ्यांची सोय 'याद'मध्येही आहे, पण 'तोंडपाठ' या शब्दाचा ठसका नाही.

मग घरात काय बोलावं? 'यादीनं' घरातल्या घरात खुशाल बोला. तीन पिढ्यांच्या तोंडी बसलेला शब्द सुनेच्या एका प्रश्नानं टाकून देऊ नये, आणि सूनही चार महिन्यांत तो उचलेल. बाहेरच्या मराठी माणसाशी बोलताना आणि लिहिताना 'आठवणीनं' म्हणा. 'याद राख' मात्र खरोखर दटावायचं असेल तेव्हाच.

राहता राहिली गाठ. ती हिंदीची उसनवारी नाही. हिंदीत 'गाँठ बाँध लेना' आहे, तशी मराठीत 'खूणगाठ' आहे. पदराच्या टोकाला मारलेली गाठ हाताला लागली की काहीतरी राहिलंय एवढं कळतं. काय राहिलंय ते गाठ सांगत नाही, ते आपलं आपण आठवायचं. म्हणून एका वेळी एकाच कामासाठी एक गाठ. दोन मारल्या की कोणती कशाची यातच दुपार जाते. भाषेत मात्र 'मनाशी खूणगाठ बांधली' हे पक्क्या निश्चयासाठी राखून ठेवलेलं आहे, कोथिंबिरीसाठी ते कुणी म्हणत नाही. सासूबाईंबद्दल लिहिताना 'पदराला गाठ मारायच्या' हेच बरोबर. 'मनाशी गाठ मारायच्या' असं लिहू नका.