इंग्लंडमध्ये किल्ल्याभोवती वसलेल्या मध्ययुगीन गावाचं चांगलं उदाहरण कोणतं?

माझं उत्तर : लडलो. वेल्सच्या सीमेजवळ, श्रॉपशर परगण्यात.

1066 मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकलं, पण वेल्सची सरहद्द धुमसतच होती. तिथे वचक ठेवायला द लेसी घराण्याने अकराव्या शतकाच्या उत्तरार्धात टीम नदीवरच्या टेकाडावर दगडी किल्ला उभारला. गाव मागाहून आलं, तेही आखून. किल्ल्याच्या दारातून निघणारी रुंद बाजारपेठ आणि सरळ रस्त्यांलगतचे लांबट, अरुंद भूखंड आजही ओळखू येतात. गावाला तटबंदी झाली तेराव्या शतकात. पैसा आला तो मुख्यतः लोकरीतून.

1459 मध्ये गुलाबांच्या युद्धात, म्हणजे लँकेस्टर आणि यॉर्क घराण्यांतल्या गादीच्या झगड्यात, राजाच्या, म्हणजे लँकेस्टर पक्षाच्या फौजेने यॉर्ककडे असलेलं हे गाव लुटलं. पण पुढच्या काही वर्षांत यॉर्क घराणं गादीवर आलं आणि लडलोचे दिवस पालटले. यॉर्क घराण्याचा राजा चौथा एडवर्ड याचा मुलगा इथेच वाढला. लंडनच्या टॉवरमध्ये बेपत्ता झालेल्या दोन राजपुत्रांपैकी थोरला तो हाच. 1502 मध्ये आठव्या हेन्रीचा थोरला भाऊ आर्थर इथेच वारला. वेल्सचा कारभार पाहणारं मंडळ इथून चाले. ते 1689 मध्ये बरखास्त झालं आणि किल्ल्याची पडझड सुरू झाली.

एक गंमत : 1811 मध्ये हा किल्ला विकत घेणारा एडवर्ड क्लाइव्ह हा रॉबर्ट क्लाइव्हचा मुलगा. रॉबर्ट म्हणजे 1756 मध्ये तुळाजी आंग्र्यांच्या विजयदुर्गावर चालून आलेला तोच!