मोजमाप नसलेल्या ओढ्याचा हिशेब

प्रश्न : आमचे गाव मांजरेच्या खोऱ्यात, केज तालुक्यात आहे. गावच्या ओढ्याचे पाणी कधी मोजलेच गेले नाही आणि पावसाची नोंदही मंडळाच्या गावची मिळते. ज्वारीच्या जागी सोयाबीन आले, बरेचसे गायरान वहितीखाली गेले, शेततळी झाली. अशा स्थितीत ओढ्याला किती पाणी येईल, याचा अंदाज बांधता येतो का?
– एक वाचक, जि. बीड

उत्तर : बांधता येतो. दख्खनच्या पठारासाठी इंग्लिस व डिसूझा यांनी दिलेल्या जुन्या सूत्राप्रमाणे ७० सेंटिमीटर वार्षिक पावसातून सुमारे १४ सेंटिमीटर अपधाव, म्हणजे जमिनीवरून वाहून ओढ्याला येणारे पाणी, मिळतो. परंतु त्या सूत्रात फक्त पाऊस आहे, रानात काय उभे आहे याला जागाच नाही, आणि तुमची अडचण नेमकी तीच आहे.

म्हणून कर्व्ह नंबर पद्धत घ्यावी. तीत जमिनीचा प्रकार व वापर पाहून प्रत्येक तुकड्याला एक अंक देतात : भारी काळ्या जमिनीवर गवताने झाकलेल्या गायरानाला ८०, ओळीत पेरलेल्या पिकाला ८९ च्या आसपास. दिवसात ६० मिलिमीटर पाऊस झाला, तर पहिल्यातून सुमारे २५ आणि दुसऱ्यातून सुमारे ३७ मिलिमीटर पाणी वाहते. म्हणजे शंभर हेक्टर गायरान मोडले की एका पावसात सुमारे सव्वा कोटी लिटर पाणी जास्त उतरते. ज्वारीचे सोयाबीन झाल्याने मात्र अंक फारसा हलत नाही.

हा हिशेब जमीन मध्यम ओली असतानाचा आहे. जूनमध्ये भेगाळलेले रान तोच पाऊस जिरवून टाकते आणि सप्टेंबरात, भेगा मिटल्यावर, त्याच पावसाने ओढा दुथडी भरतो. त्यामुळे आधीच्या पाच दिवसांचा पाऊस पाहून अंक बदलावा. शेततळ्यांपैकी ओघळीच्या पाण्याने भरणारीच वजा धरावीत. विहिरीच्या उपशावर भरणाऱ्यांचा येथे संबंध नाही.

यापुढचे काम गावानेच करायचे आहे, आणि माझ्या मते तेच सर्वांत मोलाचे आहे. गावात पर्जन्यमापक बसवावे आणि मोरीच्या भिंतीवर सेंटिमीटरच्या खुणा रंगवाव्यात. पूर आला की काठावरूनच, तरंगती काडी १० मीटर अंतर किती सेकंदांत कापते ते पाहावे, त्या वेगाला ०.८५ ने आणि पाण्याच्या काटछेदाने (प्रवाहाच्या आडव्या छेदाच्या क्षेत्रफळाने) गुणावे. हिशेब या नोंदींशी जुळला नाही, तर आधी पावसाचा आकडा तपासावा, मगच अंकाला हात लावावा.