ध्वनितंत्राच्या पहिल्या वर्षाला जाताना

प्रवेश मिळाला, अभिनंदन! आता लगेच महागडा माइक घ्यायला धावू नकोस. पहिल्या वर्षी एक बरा हेडफोन आणि विभागाचा स्टुडिओ पुरतो.

गणिताची धास्ती घेऊ नकोस, पण लॉगॅरिदम तेवढं पक्कं कर. बहुतेकांचं गाडं डेसिबलपाशीच अडतं, म्हणजे आवाजाची पातळी मोजायच्या लॉगॅरिदमिक मापापाशी. ध्वनिदाब दुप्पट झाला की ६ डेसिबल वाढतात, शक्ती दुप्पट झाली की ३. झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता यायला हवं.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- लेव्हल लाल दिव्यापर्यंत चढवतात. २४ बिट रेकॉर्डिंगमध्ये पीक, म्हणजे आवाजाचं सर्वात उंच टोक, उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेव. क्लिप झालेला, म्हणजे मर्यादेबाहेर जाऊन टोकं कापली गेलेला आवाज पुन्हा मूळपदावर येत नाही.
- खोली घुमते आणि इलाज इक्यूत (वेगवेगळ्या कंपनसंख्या कमी-जास्त करायच्या इक्वलायझरमध्ये) शोधत बसतात. आधी माइक वीतभर हलवून बघ की!
- मोठा वाजतो तोच मिक्स चांगला वाटतो. तुलना करताना दोन्हींची पातळी सारखी कर.

कान मात्र रोज तयार कर. सुरात लागलेल्या तंबोऱ्यापाशी डोळे मिटून बस. खर्जाच्या तारेतून स्वयंभू गांधार, म्हणजे आपोआप उमटणारा ‘ग’, ऐकू येतो. तो पाचवा हार्मोनिक, म्हणजे मूळ कंपनसंख्येच्या पाचपट सूर. एकदा तो कानाला सापडला की फूरिएचं गणित, म्हणजे आवाज त्याच्या घटक सुरांत फोडणं, परकं वाटत नाही. कन्व्होल्यूशन वगैरे पुढचं गणित पुढच्या वर्षी बघू.