‘इंटर’च का?

समुपदेशनासाठी मला ऑनलाइन भेटणाऱ्या परदेशस्थ मराठी पालकांमध्ये गेल्या काही वर्षांत थायलंडमधली कुटुंबे हळूहळू वाढली आहेत, आणि त्यांच्याकडून एक प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला आहे की पुढचे शब्द मला आधीच ठाऊक असतात: “मॅडम, इंटरनॅशनल शाळेत घातलं नाही, तर मुलांचं कायमचं नुकसान होईल का हो?” हा प्रश्न बहुधा आपल्याकडचे साडेआठ वाजले की येतो. बँकॉकमध्ये तेव्हा रात्रीचे दहा झालेले असतात, मुले झोपलेली असतात आणि नवरा-बायकोचे दिवसभराचे बोलणे याच विषयावर येऊन अडलेले असते.

अशाच एका कुटुंबाची ही हकिकत आहे. त्यांची परवानगी घेऊन आणि ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून ती लिहीत आहे. तो सातारा जिल्ह्यातला, रसायन अभियंता, दहा वर्षांपासून बँकॉकजवळच्या एका कारखान्यात. पत्नी थाई, ईशान्येकडच्या इसान भागातल्या खेड्यात वाढलेली, बँकॉकला येऊन हॉटेलच्या स्वागतकक्षात नोकरीला लागलेली. मुलगी सहा वर्षांची, घराजवळच्या साध्या थाई बालवाडीत जाणारी. धाकटा दोन वर्षांचा. कंपनीने त्याचा परदेशी नेमणुकीचा करार संपवून त्याला स्थानिक करारावर घेतले, तेव्हा पगार फारसा घटला नाही, पण मुलीच्या शाळेची फी कंपनी भरेल ही तरतूद गेली. पुढच्या मे महिन्यात मुलगी पहिलीत जायची होती. ते माझ्याकडे आले तेव्हा ऑगस्ट सुरू होता.

थायलंडमध्ये या शाळांना नुसते ‘इंटर’ म्हणतात. आपल्याकडच्या जुन्या माणसांना ‘इंटर सायन्स’ आठवेल; त्याच्याशी याचा संबंध नाही. १९५१ साली सुरू झालेली इंटरनॅशनल स्कूल बँकॉक किंवा १९५७ सालची बँकॉक पटाना यांसारख्या शाळा मुळात परदेशी अधिकाऱ्यांच्या मुलांसाठी होत्या. १९९० च्या दशकापासून थाई कुटुंबांतली मुलेही त्यांत मोठ्या संख्येने जाऊ लागली आणि अशा शाळांची संख्या झपाट्याने वाढली. आज मधल्या दर्जाच्या इंटरची फी वर्षाला चार-पाच लाख बाटपर्यंत (बाट हे थाई चलन) जाते, नामांकित शाळांच्या वरच्या वर्गांत ती दहा लाखांच्या घरात पोहोचते. प्रवेशाच्या वेळी एकदाच घेतली जाणारी आणि बहुधा परत न मिळणारी रक्कम, बस, जेवण आणि सहली यांचा खर्च वेगळा.

पहिल्या दोन भेटींत त्याने मला आकडेच ऐकवले. मी त्याला एक साधे काम दिले: निवडलेल्या शाळेची फी पहिलीपासून शेवटच्या वर्गापर्यंत एकाखाली एक लिहायची आणि दरवर्षी पाच टक्के वाढ धरायची. साडेचार लाखांपासून सुरू झालेल्या त्या रकान्याची तेरा वर्षांची बेरीज ऐंशी लाख बाटच्या जवळ आली, म्हणजे आजच्या भावाने सुमारे दोन कोटी रुपये, आणि तेही एका मुलासाठी. त्याचा वर्षाचा पगार होता सोळा लाख ऐंशी हजार बाट. बेरीज वाचून दाखवताना त्याचा आवाज अगदी शांत होता.

“मग काय ठरवलंत?” मी विचारले.

“काय ठरवायचं, मॅडम? इंटरच पाहिजे.”

माझी विचारपद्धती ज्यांना परिचित आहे त्यांच्या लक्षात आले असेल की माझे कान या वाक्यातल्या एका अक्षरावर टवकारले. मराठीतला हा ‘च’ मला कोणत्याही मोठ्या ग्रंथापेक्षा अधिक उपयोगी पडत आला आहे. ‘इंटर हवी होती’ असे म्हणणारा माणूस दुःखी असतो, पण हातपाय हलवू शकतो. ‘इंटरच पाहिजे’ म्हणणारा स्वतःला भिंतीशी नेऊन उभा करतो आणि मग भिंत आडवी आली म्हणून तक्रार करतो. मी त्याला विचारले, “इंटर मिळाली नाही, तर तुम्हाला नेमकं काय दिसतं डोळ्यांसमोर?” तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “नीट नाही सांगता येणार.” ज्याचे उत्तर सांगता येत नाही, तेच पुढे उपयोगी पडते हे अनुभवाने माहीत असल्यामुळे मी तो प्रश्न तसाच राहू दिला.

मधल्या काळात माहितीचे काम उरकले. पालकांना पर्याय दोनच दिसतात, इंटर किंवा कोपऱ्यावरची सरकारी शाळा, आणि या दोहोंमधला मोठा प्रदेश त्यांनी पाहिलेलाच नसतो. थायलंडमध्ये सरकारी शाळांचे शिक्षण पंधरा वर्षे, म्हणजे बालवाडीपासून बारावीपर्यंत, मोफत आहे, आणि २००५ सालच्या मंत्रिमंडळाच्या निर्णयानुसार परदेशी मुलांनाही, अगदी कागदपत्रे अपुरी असली तरी, शाळेत घेतले जाते. काही सरकारी शाळांत ‘इंग्लिश प्रोग्राम’ची वेगळी तुकडी असते, तिथे बरेच विषय इंग्रजीतून शिकवतात, प्रवेशपरीक्षा असते आणि फी वर्षाला साधारण सत्तर-ऐंशी हजार बाट पडते. त्यापुढे मिशनऱ्यांच्या जुन्या खाजगी शाळा. बँकॉक ख्रिश्चन कॉलेज १८५२ चे, असम्प्शन कॉलेज १८८५ चे. मग द्विभाषिक खाजगी शाळा, लाख-दीड लाख बाटच्या आसपास. आणि इंटरमध्येही सगळ्या शाळा दहा लाखांच्या नसतात. काही अडीच-तीन लाखांत बसतात. या सर्व शाळांत मोठा फरक कॅलेंडरचाही आहे: थाई शाळा मेच्या मध्यावर उघडतात आणि मार्चमध्ये वर्ष संपवतात, इंटर ऑगस्टमध्ये सुरू होतात.

हे सगळे मी त्यांना व्यवस्थित समजावले आणि काहीही बदलले नाही. ही माझी चूक होती, आणि ती मी अजूनही अधूनमधून करते. घाबरलेल्या माणसापुढे माहिती मांडली की त्याला घाबरण्यासाठी आणखी चार जागा मिळतात.

तिसऱ्या महिन्यात पत्नी पहिल्यांदा एकटी बोलली. आमचे बोलणे इंग्रजीतून चाले. मला ती ‘आचान’ म्हणे. हा आपला ‘आचार्य’च, थाई जिभेवर गोल झालेला. नवऱ्याला ती थाई रिवाजाप्रमाणे ‘फी’ म्हणून हाक मारी. ‘फी’ म्हणजे थोरला. फीच्या चिंतेने पोखरलेल्या त्या घरात ही हाक दिवसातून पन्नास वेळा ऐकू येत असणार, असे माझ्या मनात आल्यावाचून राहिले नाही. ती म्हणाली, “आचान, मी गावच्या शाळेत शिकले. बँकॉकला आले तेव्हा माझ्या इसानी बोलण्याला मुली हसायच्या. माझ्या मुलीला कुणी हसायला नको.” थोडे थांबून तिने पुढे सांगितले, “आणि गावाकडे सगळे विचारतात, नवरा परदेशी आहे ना, मग मुलगी इंटरला का नाही?”

“इंटरमध्ये तिला कुणी हसणार नाही, असं तुम्हाला वाटतं?”

ती हसली. “तिथे ज्यांचे ड्रायव्हर असतात ती मुलं हसतील.”

तिचा ‘च’ तिथेच, तिच्या स्वतःच्या तोंडून, गळून पडला. त्याचे श्रेय मी घेत नाही. ती फार समंजस बाई आहे. नवऱ्याचा मात्र जागचा हलला नव्हता.

नोव्हेंबरमधल्या एका भेटीत मुलगी झोपली नव्हती. ती वही घेऊन पडद्यासमोर आली आणि मला दाखवू लागली. बापाने सवयीने वही बाजूला सारली: “मॅडमना थाई कळत नाही, बाळा.” मी विचारले, “आणि बाबांना?” ती खो खो हसली. दहा वर्षे त्या देशात राहून त्याला बाजारात बोलण्यापुरते थाई येत होते. वाचता एक अक्षर येत नव्हते. मुलगी आनंदाने हसत होती आणि तो कानांपर्यंत लाल झाला होता. मला वाटते, माझ्या कामातली बरीचशी कमाई अशा वेळी आपण कोणाकडे पाहतो यावर ठरते. मी त्या क्षणी वहीकडे पाहिले नाही.

मी त्याला एकच गोष्ट करायला सांगितली: दोन आठवडे, रोज पंधरा मिनिटे, मुलगी शिक्षिका आणि तो विद्यार्थी. शाळेबद्दल एक शब्द बोलायचा नाही.

पुढच्या भेटीला तो कॅमेऱ्यासमोर बसण्याआधीच बोलू लागला होता. “मॅडम, ‘ङ’ला साप आहे.”

“म्हणजे?”

“त्यांच्यात को काई, म्हणजे कोंबडी. खो खाई, अंडं. मग खो ख्वाई, म्हैस. आणि पुढे ङो ङू, साप. मॅडम, क, ख, मग ङ! पुढे चो चान. आपलीच बाराखडी आहे हो! आमच्या पाटीवर ‘ङ’चा चौकोन रिकामा असायचा, गुरुजी पुढे जा म्हणायचे. इथे त्याला साप आहे, माझ्या पोरीने काढला.” त्याने चित्र वर धरले. हिरवा साप, त्याला पापण्या होत्या.

थाई लिपी आपल्या देवनागरीप्रमाणे ब्राह्मीच्याच वंशातली आहे, चव्वेचाळीस व्यंजने आणि पाच स्वरपट्ट्या घेऊन वेगळ्या वळणाने गेलेली, पण वर्गांचा क्रम सांभाळलेली. बालवाडी म्हणजे ‘अनुबान’, प्राथमिक शाळा ‘प्रथोम’, माध्यमिक ‘मथ्थयोम’, आणि शिकवणीला ‘रियान फिसेत’ म्हणतात, त्यातला ‘फिसेत’ म्हणजे विशेष. हे त्याला दहा वर्षांत कोणी सांगितले नव्हते, आणि त्यानेही कोणाला विचारले नव्हते.

मग मी ऑगस्टमधला प्रश्न पुन्हा विचारला. या वेळी तो थांबला नाही. “तिची वही मला वाचता येणार नाही, हे दिसायचं. ती आणि तिची आई वहीवर वाकलेल्या, आणि मी सोफ्यावर मोबाइल घेऊन बसलेला. इंटरमध्ये असती तर निदान अभ्यास तरी मी घेतला असता. माझ्या वडिलांनी माझा घेतला होता, कंदिलाच्या उजेडात.” मी काही बोलले नाही. पत्नीने थाईमध्ये काहीतरी हळू म्हटले आणि त्याने मान हलवली. ते काय होते, हे मी आजवर विचारलेले नाही.

घरातल्या आपल्या जागेसाठी दोन कोटी रुपये मोजायला निघालेला हा बाप माझ्या दृष्टीने मुळीच हास्यास्पद नव्हता. फक्त ती जागा पंधरा मिनिटांत मिळत होती.

त्यानंतरचा निर्णय त्यांनी तीन आठवड्यांत घेतला आणि मुलीचे नाव एका द्विभाषिक खाजगी शाळेत घातले. तो घेताना जे मुद्दे आम्ही तपासले ते इतर पालकांनाही लागू पडतील म्हणून सांगते. दोन्ही पालक भारतीय आहेत, व्हिसावर आहेत आणि तीन-चार वर्षांत परतणार आहेत, अशा कुटुंबाला मी थाई शाळा सहसा सुचवणार नाही. त्यांच्या मुलांनी भारतीय किंवा इंटरनॅशनल अभ्यासक्रमात राहणेच सोयीचे. आई किंवा वडील थाई असतील तर चित्र वेगळे होते, कारण मूल जन्मतः थाई नागरिक आहे, भारत दुहेरी नागरिकत्व देत नसल्यामुळे भारताशी त्याचे नाते ओसीआय कार्डापुरते (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे ओळखपत्र) राहते, आणि ज्या देशात त्याला मतदान करायचे आहे त्या देशाचे वर्तमानपत्र त्याला वाचता आले पाहिजे. इंटरमध्येही थाई नागरिक असलेल्या मुलांना थाई भाषेचे तास सक्तीचे असतात, परंतु त्यांवर विसंबून मथ्थयोमची पुस्तके वाचता येत नाहीत. म्हणूनच मी पालकांना दरवाजे कोणत्या बाजूला उघडतात ते पाहायला सांगते. थाई शाळेतून, इंग्रजी चांगले राखले असेल तर, पुढे इंटरमध्ये किंवा चुलालोंगकोर्न, थम्मासात, महिदोल यांसारख्या विद्यापीठांच्या इंग्रजी माध्यमाच्या अभ्यासक्रमांत जाता येते. इंटरमधून दहा-बारा वर्षांच्या मुलाला थाई शाळेत आणणे मात्र अतिशय कठीण असते. २०२० च्या साथीत नोकऱ्या गेलेल्या काही कुटुंबांबरोबर मी काम केले आहे; फी थांबल्यावर त्या मुलांना ना इंटर राहिली, ना थाई शाळा झेपली. तीनच वर्षे परवडणारी शाळा माझ्या मते सर्वांत महाग शाळा असते.

मुलगा असेल तर एक गोष्ट आणखी. थाई नागरिक असलेल्या तरुणांना एकविसाव्या वर्षी, एप्रिलमध्ये, सैन्यभरतीच्या सोडतीला जावे लागते. काळी चिठ्ठी आली तर घरी, लाल आली तर बराकीत. माध्यमिक शाळेच्या शेवटच्या तीन वर्षांत ‘रो दो’ हे लष्करी प्रशिक्षण पूर्ण केलेल्यांना त्यातून सूट मिळते. आपण पाहत असलेल्या शाळेतून ते करता येते का, हे प्रवेशाच्या वेळीच विचारावे. धाकट्याच्या बाबतीत हे मी सांगितले तेव्हा आईला अर्थातच ठाऊक होते. बापाने वहीत लिहून घेतले.

मराठीसाठी रविवारी साताऱ्याची आजी फोनवर असते. ती नातीला शिकवत नाही, भांडते आणि गोष्टी सांगते. मला एवढे पुरेसे वाटते.

जूनमध्ये थाई शाळांत ‘वाय ख्रू’ होतो, आपली गुरुपौर्णिमा म्हणा. मुले तबकात बुद्धीच्या धारेसाठी इक्झोराची फुले, नम्रतेसाठी वांग्याचे फूल आणि चिवटपणासाठी ‘या फ्रेक’ नावाचे गवत घेऊन शिक्षकांपुढे वाकतात. तो निरोपात लिहितो की पत्नीने आदल्या संध्याकाळी ते गवत आणून टेबलावर टाकले आणि ते हरळी असल्याचे त्याने लांबूनच ओळखले. दोघींनी फुले बांधेपर्यंत त्याने तीन-तीन पात्यांच्या एकवीस दूर्वा निवडून त्यांची जुडी केली. पत्नीने विचारले, एवढ्या मोजून कशाला? मुलीने तिला सांगितले की बाबा असेच करतात, आणि जुडी तबकात मधोमध ठेवली.